हवेचं माप

अशेर चोपडे दुकानात आला तेव्हा पाठीला गिटार,
काखेत पावणेतीन मीटर पॉपलिन.
म्हणाला, उभ्यानं माप घेऊ नका मास्तर.
मी बसतो, हिला मांडीवर घेतो, मग लावा टेप.

गंगावेशीत तीस वर्षं मी उभी माणसं मापली.
टेप लागला की जो तो पोट आत घेतो,
खासबागेच्या हौद्यात उतरल्यागत छाती काढतो,
आणि त्या उसन्या छातीचा शर्ट
दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी उसवायला परत येतो.

हा बसला, तर अंगच निराळं झालं.
उजवा खांदा वर चढला,
कोपर लाकडाच्या कडेवरून लोंबलं,
पाठीला पोक,
मार्केट यार्डात गुळाच्या काट्याशेजारी
बावीस वर्षं वाकून वही लिहिल्याचं.
पोट सुटलेलं. गिटार त्याला चिकटलेली.

जाड तार छेडली. धप.
उशीवर बुक्की मारावी तसं.
मग जरा पुढं सरकला,
कण्याला कुणी हाक मारल्यासारखा ताठ झाला,
पोट आणि लाकूड यांच्यात फट पडली.
तीच तार. समोरच्या बेकरीतल्या पोरानं वर बघितलं.

"लाकूड पाठीनं बोलतं, मास्तर.
पाठ दाबली की तोंड असून मुकं."

मी कापड बोटांनी ओळखत आलो,
डोळे मिटून सांगेन कुठला ताका, कुठली गिरणी.
त्या दुपारी कानानं ओळखलं.
चिंध्यांचं गाठोडं सोडलं आणि एकेक तुकडा
त्याच्या पोटाशी लावत गेलो.
फ्लॅनेलनं आवाज गोधडीत घेतला.
लोकरीनं तर गिळलाच, ढेकरसुद्धा नाही.
टेरिकॉटवरून गिटार घसरायची,
ती सावरण्यात त्याचं अर्धं वाजवणं जायचं.
मुबीन काज करायचं सोडून ऐकत बसला.
एक बाई ब्लाउज न्यायला आल्या
आणि न नेताच गेल्या.

मग त्यानं अटी सांगितल्या.
समोर बटण नको, पाठीला ओरखडतं,
शिवाय मधेच खुळखुळतं, दात पडक्या म्हाताऱ्यागत.
पट्टी बगलेत घ्या.
उजवी बाही अंगाबरोबर,
ढगळ कापड फळीवर लोळलं की वरचे सूर झोपतात.

वहीत लिहिलं : छाती बेचाळीस. पोट सव्वाचव्वेचाळीस.
उजवी बाही दीड बोट आखूड.
आणि खाली, कसं कोण जाणे, लिहिलं गेलं :
हवा, एक इंच.
मुबीन म्हणाला, हवेची शिलाई किती लावायची?

डिसेंबरात रंकाळ्याच्या बाजूला
एका गच्चीवर साखरपुडा होता.
माइक नाही. वारं असं, की पत्रावळ्या उडत होत्या.
ऑर्केस्ट्राच्या मालकानं सगळ्यांना
मखमली कोट घातलेले, पितळी बटणांचे,
आणि अशेर त्यात हातपाय आखडून,
गिटार छातीशी धरून, शेकोटी धरावी तशी.
काहीच ऐकू येत नव्हतं. म्हणजे बोटं दिसत होती.

दुसऱ्या गाण्याआधी त्यानं कोट काढला.
आत माझा शर्ट.
खुर्चीच्या कडेला सरकला, पाठ सरळ केली,
थंडीनं जबडा वाजत असणार.
आणि जाड तारेचा घुमारा
गच्चीच्या कठड्याला टेकून परत आला,
माझ्या ताटातला तांबडा रस्सा हलला.
हलला असं मला तरी वाटलं.
बाकीचे वाढप्याला हाका मारत होते.

कोट काढला म्हणून मालकानं तीनशे कापले.
घरी येताना तो काही बोलला नाही, शिंकत होता.

आता मशीनवर बसलो की
मीही पोट आणि फळी यांच्यात इंचभर सोडतो.
मशीन पूर्वीसारखंच वाजतं, कटकट, कटकट.
त्याला काही फरक पडत नाही.
मला, माहीत नाही. पाठ कमी दुखते.

शिलाईचे अडीचशे अजून यायचेत.
त्याच पानावर लिहून ठेवलेत,
हवेच्या खाली.